सोलरच्या प्लेटा रोवण्याआधी: सनकॅल्क, स्टेलेरियम आणि आपल्या शिवारातली सावली

सौर पंपाच्या प्लेटा एकदा सिमेंटात रोवल्या की वीस-पंचवीस वर्षं हलत नाहीत. म्हणून सावलीचा हिशेब खड्डा खणायच्या आधीच व्हायला हवा. त्यासाठी सनकॅल्क डॉट ऑर्ग हे संकेतस्थळ फुकट आहे, काही उतरवून घ्यावं लागत नाही आणि नीट वापरलं तर इंचाटेपाइतकं भरवशाचं आहे. याच नावाचं डॉट नेट हे वेगळं पान आहे, व्लादिमीर आगाफोन्किन यांचं. दिशा बघायला तेही सुरेख, पण झाडाची उंची टाकून सावलीची लांबी काढायची तर डॉट ऑर्गच उघडायचं.

पहिली चूक होते ती गावाच्या नावात. वडगाव किंवा पिंप्री टाकलं तर पिन भलत्याच जिल्ह्यात पडते. नाव टाकूच नका. मोबाइलच्या नकाशावर वावरात उभं राहून अक्षांश-रेखांश घ्या आणि तेच आकडे सनकॅल्कच्या शोधपट्टीत द्या. जळगावसाठी ते साधारण २१.०१ आणि ७५.५६, धुळ्यासाठी २०.९० आणि ७४.७८, नंदुरबारसाठी २१.३७ आणि ७४.२४ असे येतात. मग उपग्रहाचं चित्र चालू करून पिन जिथे प्लेटा बसणार तिथे सरकवा. वेळेपुढे ५:३० चा फरक दिसतोय ना, तेवढं तपासा. चित्र जुनं असू शकतं, त्यामुळे त्यात न दिसणारी बाभूळ बांधावर उभी असेल हेही ध्यानात ठेवा.

आता तारीख २१ डिसेंबर, वेळ सकाळी ९. जळगावला सूर्य त्या वेळी क्षितिजापासून २३ अंशांवर, आग्नेयेला असतो. वस्तूच्या उंचीच्या चौकटीत झाडाची उंची टाकायची. ती मीटरमध्ये लागते, म्हणून फुटांना ०.३०५ ने गुणायचं. इथे बहुतेक जण पूर्ण झाडाची उंची टाकतात आणि जागा विनाकारण सोडून देतात. निंब २० फुटांचा आणि प्लेटेची खालची कड जमिनीपासून ४ फुटांवर असेल तर हिशेबाची उंची १६ फूट, म्हणजे ४.९ मीटर. सावली निघते जवळपास ३८ फूट, वायव्येकडे पडणारी. तेच ८ वाजता बघितलं तर ७८ फुटांच्या पुढे जाते, १० वाजता २५ फुटांवर येते. आठची सावली सोडून द्या, त्या वेळी पंप तसाही जेमतेम ओढतो. नऊ ते चार एवढ्या वेळात प्लेटांवर सावली नको, हा हिशेब धरून चला.

थोड्या सावलीने काय होतंय, असं फिटर सांगतात. होतं ते असं: प्लेटा एकामागे एक जोडलेल्या असतात, आणि एका प्लेटेचा प्रवाह घसरला की पूर्ण ओळीला तो धरून बसतो. प्लेटेमागच्या डब्यात बहुधा तीन बायपास डायोड असतात. ते सावलीतला भाग वगळून प्रवाह पुढे जाऊ देतात, पण त्या भागाचा विजेचा दाब (व्होल्टेज) गेला तो गेलाच. ५ एचपीच्या पंपाला साधारण ४८०० वॅटच्या प्लेटा लागतात. त्यातल्या दोन-तीन प्लेटांवर सकाळभर फांदीची सावली राहिली तर थंडीत पाणी दहानंतरच लागतं, आणि दोष मोटारीला दिला जातो.

केळीच्या पट्ट्यात आणखी एक गोष्ट बघावी लागते. प्लेटा बसवताना शेजारची बाग गुडघाभर असते, आणि काही महिन्यांत पानं दहा फुटांवर जातात. वाऱ्याला आडोसा म्हणून बांधाला लावलेली शेवरी तर त्याहून वर. म्हणून सनकॅल्कमध्ये आजची उंची टाकू नका, वाढलेली टाका. दक्षिणेकडच्या शेवरीची हिशेबाची उंची ८ फूट धरली तर २१ डिसेंबरला भर दुपारीही सावली तितकीच, ८ फूट. कारण सूर्य त्या दिवशी माथ्यावरही साडेपंचेचाळीस अंशांच्या वर जात नाही.

उत्तरेच्या झाडाचा त्रास नाही, हे आपल्याकडे अर्धंच खरं आहे. खान्देश कर्कवृत्ताच्या दक्षिणेला, पण अगदी जवळ आहे. मेच्या शेवटच्या आठवड्यापासून जुलैच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत जळगावला सूर्य दिवसभर पूर्व-पश्चिम रेषेच्या उत्तरेलाच असतो, दुपारीसुद्धा. सनकॅल्कवर २१ जून टाकून वेळेची पट्टी सकाळपासून संध्याकाळपर्यंत ओढून बघा, कमान कुठेही पिनच्या दक्षिणेला येत नाही. ईशान्येचा आंबा त्या दिवसांत सकाळी प्लेटांवर येतो, आणि मेअखेर पाण्याची गरज सगळ्यात जास्त असते. हे एक चित्र बघण्यासाठी तरी पान उघडावं.

सनकॅल्कचं दुसरं मोठं काम म्हणजे प्लेटांचं तोंड जिकडे करायचं ती खरी दक्षिण काढणं. मोबाइलचं होकायंत्र लोखंडी सांगाड्याजवळ बिनकामाचं. घड्याळात बारा वाजले की सावली उत्तरेला, हाही समज इथे फसतो. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशाची आहे आणि जळगाव तिच्या सात अंश पश्चिमेला, म्हणून सूर्य माथ्यावर येतो सरासरी १२ वाजून २८ मिनिटांनी. नंदुरबारला १२:३३. तीही वेळ वर्षभर सरकते: जळगावला नोव्हेंबरच्या सुरुवातीला १२:११, फेब्रुवारीच्या मध्याला १२:४२. फेब्रुवारीत बरोबर बाराच्या सावलीवर प्लेटा लावल्या तर त्या १७ अंश पूर्वेकडे वळतात.

सनकॅल्कवर त्या दिवसाची मध्यान्हाची वेळ मिनिटासकट मिळते. तिवईला ओळंबा टांगा, वारा नसताना त्या मिनिटाला सुतळीच्या सावलीवर दोन खिळे ठोका, दोरी ताणा. ही खरी उत्तर-दक्षिण रेषा. जूनमध्ये मात्र ६ फुटांच्या काठीची मध्यान्हीची सावली जेमतेम ३ इंच पडते, तीही दक्षिणेला. तिच्यावर रेषा धरता येत नाही. तेव्हा पिनपासून विहीर किंवा विजेचा खांब यांची दिशा नकाशावरून घ्यावी. प्लेटांचा उतार कायमचा असेल तर २१ अंश ठीक. सांगाडा हंगामाप्रमाणे हलणारा असेल तर थंडीत ४० च्या पुढे आणि मे-जूनमध्ये जवळपास आडव्या.

सनकॅल्कला एक गोष्ट मुळीच कळत नाही: सातपुडा. त्याचं क्षितिज सपाट आहे. रावेर, यावल, चोपडा, शहादा या पट्ट्यात जूनचा सूर्य पूर्वेच्या २५ अंश उत्तरेला उगवतो. त्या दिशेला डोंगर ५ अंश उंच असेल तर ऊन छापील वेळेच्या पंचवीसेक मिनिटं उशिरा अंगणात येतं.

यासाठी स्टेलेरियम, म्हणजे आपल्या ठिकाणाहून दिसणारं आकाश पडद्यावर दाखवणारा प्रोग्राम. तेही फुकट, पण संगणकावर बसवावं लागतं. एफ ६ दाबून ठिकाण स्वतः भरा. इंटरनेटवरून आपोआप घेतलं तर सेवा देणाऱ्या कंपनीचं शहर येऊ शकतं. डोंगराची कड भरायची तर साध्या मजकूर फाइलमध्ये एकेका ओळीत दिशेचा कोन आणि उंचीचा कोन लिहायचा, दर दहा अंशांना एक ओळ पुरते. उंचीचा कोन मोजायला हात ताणून धरलेली मूठ साधारण १० अंश, करंगळी १ अंश. सोबत पॉलिगोनल (बिंदू जोडून कड काढणारा) प्रकार सांगणारी लँडस्केपची, म्हणजे क्षितिजाच्या देखाव्याची, छोटी फाइल ठेवून दोन्ही झिप करायच्या आणि एफ ४ च्या खिडकीतल्या लँडस्केपच्या पानावरून आत घ्यायच्या. तासाभराचं किचकट काम आहे, आणि ते फक्त डोंगरपायथ्याच्या लोकांनी करावं. तापीकाठच्या सपाट शिवाराला त्याची गरज नाही.

चंद्रासाठीही स्टेलेरियमच बरं. मुंबईसाठी छापलेला संकष्टीचा चंद्रोदय जळगावला सरासरी दहा-अकरा मिनिटं आधी होतो, भुसावळला आणखी मिनिटभर आधी. एफ १० च्या खिडकीत उगवणं, माथ्यावर येणं आणि मावळणं यांचा तक्ता आपल्या ठिकाणासाठी निघतो. चंद्र रोज सरासरी ५० मिनिटं उशिरा येतो, म्हणून तारीख नीट बघून घ्या.

सनकॅल्कच्या तक्रारी दोन. नेट नसलं की काहीच नाही, आणि मोबाइलच्या पडद्यावर इतकी दाटी होते की उंचीची चौकट शोधावी लागते. काम घरी संगणकावर करून घ्यावं. ठिकाण, तारीख, वेळ आणि उंची सगळं पानाच्या पत्त्यातच साठतं, त्यामुळे तो पत्ता जसाच्या तसा फिटरला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवता येतो. उघडला की त्याला तीच पिन आणि तीच सावली दिसते. २१ डिसेंबर सकाळी ९, २१ डिसेंबर दुपारी ४ आणि २१ जून सकाळी ९, असे तीन पत्ते पाठवा.