फिरता स्टँड आणि नोझलचा संच: घरच्या केकसाठी काय घ्यावं

घरी केक सजवायचा असेल तर आधी फिरता स्टँड घ्या, नोझल (क्रीमच्या पिशवीच्या टोकाला लावायची, क्रीमला आकार देणारी टोकं) नंतर. माझा क्रॉफर्ड मार्केटमधून आणलेला, साधा प्लास्टिकचा, पण कुठेही अडखळत नाही. स्पॅच्युला, म्हणजे क्रीम पसरायची चपटी पट्टी, एका जागी धरायचा आणि दुसऱ्या हाताने स्टँड फिरवायचा, कडा सुरेख गुळगुळीत येते. त्याआधी क्रीमचा पातळ थर देऊन केक अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा, म्हणजे स्पंजचा चुरा वरच्या थरात येत नाही.

ऑनलाइन मागवलेल्या नोझलच्या संचात १एम (उघड्या ताऱ्याच्या तोंडाचं) हे एकच नोझल पैसे वसूल करून देतं. मधून सुरुवात करून बाहेर गोल फिरवत नेलं की गुलाब, उभं धरून दाबून उचललं की तारा. लेकीच्या वाढदिवसाला रसमलाई केकवर फिकट केशरी गुलाबांची कड काढली, मधे पिस्त्याचे काप आणि सुक्या गुलाबपाकळ्या. सासूबाई म्हणाल्या, "अगं, ही तर शेवंतीची वेणीच!" मला फार आनंद झाला.

पानाचं नोझल मात्र टाकाऊ. सांधा उघडा आहे, क्रीम बाजूने येतं.

रंग जेलचेच वापरा, पातळ रंगाने क्रीम सैल पडतं. मुंबईच्या दमट हवेत नॉन-डेअरी (दुधाऐवजी वनस्पती तेलाचं) क्रीम जास्त टिकतं. ते गारच फेटा, भांडंही गार हवं.

नोझल संचाऐवजी एकेक मिळाली तर १एम, २डी (बंद ताऱ्याच्या तोंडाचं) आणि नाव लिहायला एक बारीक गोल, एवढीच घ्या.