फॉरमॅट न मारता परत मिळालेला वेग: तापकीर गल्लीतील एका दुरुस्तीचा अनुभव

आमच्या अक्षरजुळणीच्या कार्यालयात २००५ साली घेतलेला एक पेंटियम ४ संगणक अजूनही रोजच्या कामात आहे. त्यावर विंडोज एक्सपी आहे, पाने लावण्याचे पेजमेकर आहे आणि मागच्या प्रिंटरच्या पोर्टला श्रीलिपी या मराठी टंकांच्या सॉफ्टवेअरचे डोंगल, म्हणजे ते चालू करणारी छोटी किल्ली, लावलेले आहे. जुन्या टंकांत लावलेली पुस्तके आणि दिवाळी अंक युनिकोडच्या आधीच्या पद्धतीचे असल्यामुळे ते जसेच्या तसे याच यंत्रावर उघडतात. म्हणूनच, एक्सपीला मायक्रोसॉफ्टकडून मिळणाऱ्या सुधारणा एप्रिल २०१४ मध्ये बंद झाल्या तरी आम्ही इंटरनेटची जोडणी काढून हे यंत्र जपले आहे.

गेल्या काही महिन्यांपासून त्याच्या ८० जीबीच्या हार्ड डिस्कवरून काहीही बाहेर काढणे असह्य झाले होते. एका दिवाळी अंकाचे चार जीबीचे फोल्डर बाहेरच्या डिस्कवर जायला तेवीस मिनिटे लागत, आणि तेवढा वेळ माउसचा बाणही अडखळत सरकत असे. दोन ठिकाणी दाखवल्यावर एकाने ‘डिस्क गेली’ असे सांगितले आणि दुसऱ्याने फॉरमॅट मारण्याचा, म्हणजे डिस्क पुसून विंडोज नव्याने टाकण्याचा, सल्ला दिला. फॉरमॅट आम्ही दोन वर्षांपूर्वी एकदा मारून पाहिलाच होता. तेव्हा अडीच महिने संगणक उत्तम चालला आणि मग पुन्हा तसाच मंदावला.

पुण्यात तापकीर गल्लीत एका जिन्याखाली दुरुस्तीची एक छोटी जागा आहे. पाटी नाही, त्यामुळे नाव देता येत नाही. परंतु तेथे जे काम झाले, त्याविषयी सविस्तर लिहावे असे मनापासून वाटते. जुन्या संगणकांच्या बाबतीत बहुतेक ठिकाणी भाग बदलून पाहतात. येथील कारागिराने आधी मोजले.

बाहेरची डिस्क यूएसबी २.० च्या वेगानेच बोलते आहे ना, हे त्यांनी सर्वप्रथम पाहिले, कारण यूएसबी १.१ च्या पोर्टवर सेकंदाला जेमतेम एक एमबी जाते. ते ठीक निघाले. मग त्यांनी एचडी ट्यून हा डिस्कचा वेग मोजणारा प्रोग्राम लावून आतल्या डिस्कचा वाचनाचा आलेख काढला. सुरुवातीपासून शेवटपर्यंत सेकंदाला तीन एमबीवर एक सरळ, सपाट रेघ आली आणि प्रोसेसर नव्वद टक्क्यांच्या वर गुंतलेला दिसला. ‘‘अहो, चांगल्या डिस्कची रेघ उतरती असते. ही सपाट आहे, म्हणजे डिस्क दमलेली नाही, तिला वाटेत कुणीतरी अडवलंय,’’ असे ते म्हणाले. तबकडीच्या बाहेरच्या कडेचा घेर मोठा असल्याने एका फेरीत तेथून जास्त मजकूर वाचला जातो आणि आतल्या बाजूला वेग जवळजवळ निम्म्यावर येतो, हे त्यांनी कागदावर वर्तुळे काढून समजावले.

विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये प्रायमरी आयडीई चॅनेलच्या, म्हणजे डिस्क आणि मदरबोर्ड यांना जोडणाऱ्या वाटेच्या, प्रगत सेटिंगच्या पानावर, जिथे अल्ट्रा डीएमए असायला हवे होते, तिथे पीआयओ मोड लिहिलेले होते. डीएमए पद्धतीत डिस्कवरचा मजकूर कंट्रोलरमार्फत थेट मेमरीत उतरतो, तर पीआयओमध्ये त्यातला प्रत्येक तुकडा प्रोसेसरला स्वतः उचलून ठेवावा लागतो. छापखान्याच्या मालकाने सगळी कामे बाजूला ठेवून कागदाची रिमे स्वतः वाहावीत, तसे ते आहे. माउस का अडखळत होता, याचा उलगडा मला तेथेच झाला. डीएमएने चाललेली देवाणघेवाण वेळेत पूर्ण न होण्याचे प्रसंग सहाहून अधिक वेळा आले की एक्सपी ती पद्धत बंद करून पीआयओवर उतरते, आणि पुढे आपणहून वर येत नाही. फॉरमॅटनंतर अडीच महिने सुख का लाभले, तेही यातच आले. नव्याने विंडोज टाकल्यावर चुकांची मोजणी शून्यावर येते, वेग परततो, आणि मूळ दोष तसाच असल्याने ती मोजणी पुन्हा भरत जाते.

मूळ दोष त्यांनी क्रिस्टलडिस्कइन्फो या, डिस्कने स्वतः ठेवलेल्या नोंदी दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये दाखवला. बदललेले सेक्टर (डिस्कवरचे मजकूर साठवण्याचे छोटे कप्पे) शून्य, संशयित सेक्टर शून्य, मात्र सी७ या क्रमांकाच्या नोंदीत, म्हणजे केबलवरून जाताना बिघडलेल्या मजकुराच्या मोजणीत, चौदाशेहून अधिक आकडा होता. त्यानंतर त्यांनी पेटी उघडली. डीव्हीडी ड्राइव्ह बसवताना कोणीतरी मूळ केबल काढून जुनी चाळीस तारांची राखाडी पट्टी लावली होती, आणि ती डिस्कच्या खणाच्या पत्र्याखाली दुमडून दाबली गेली होती. घडीवर कडेचे प्लॅस्टिक पांढरे पडले होते. नखाने जरा उचलताच आतले तांबे दिसले.

त्यांनी जुन्या साठ्यातली ऐंशी तारांची केबल काढली. दोन्हींची रुंदी सारखीच, पण नवीच्या तारा बोटाला कितीतरी बारीक लागतात, कारण प्रत्येक वाहक तारेशेजारी एक भूतार (ग्राउंडची तार) असते आणि त्यामुळे शेजारच्या संकेतांची सरमिसळ टळते. अशी केबल नसेल तर आयडीई डिस्क सेकंदाला ३३ एमबीच्या वर चढू शकत नाही. निळे टोक मदरबोर्डला, काळे डिस्कला, मधले राखाडी डीव्हीडीला, अशी जोडणी करून त्यांनी डिव्हाइस मॅनेजरमधून ते चॅनेल काढून टाकले आणि संगणक पुन्हा सुरू केला. विंडोजने चॅनेल नव्याने ओळखले आणि आलेख सेकंदाला छप्पन्न एमबीपासून एकतीसपर्यंत सुरेख उतरत गेला. तेच चार जीबीचे फोल्डर पावणेतीन मिनिटांत गेले. आता वेगाला मर्यादा आहे ती बाहेरच्या डिस्कच्या यूएसबी २.० जोडणीची.

केबलसह साडेचारशे रुपये झाले, आणि ते मला कमीच वाटले. एक तक्रार मात्र नोंदवली पाहिजे. केबल बदलल्यावर, आमच्या फाइलींची प्रत घेण्यापूर्वीच, त्यांनी पूर्ण डिस्कची पृष्ठभाग तपासणी लावली. इतक्या जुन्या डिस्कवर तासभराचा ताण देण्याआधी प्रत काढून घेणे आवश्यक होते, आणि हे मी त्यांना तेथेच सांगितले. त्यांनी ते मान्य केले. शिवाय बिलावर केवळ ‘दुरुस्ती’ असे लिहून मिळते. मोजमापाचे आकडे हवे असतील तर आपणच टिपून घ्यावेत.

मी सी७ चा आकडा टिपून आणला होता. तो कधीच मागे येत नाही, तेव्हा पाहायचे ते एवढेच, की तो वाढतो का. तीन आठवड्यांत तो एकानेही वाढलेला नाही.

तेथे जाणाऱ्यांनी डिस्क सुटी काढून नेऊ नये. पूर्ण पेटी, आतल्या केबलसह, जशी आहे तशी न्यावी. आमची डिस्क सुटी नेली असती, तर ती त्यांच्या यंत्रावर निर्दोष चालली असती आणि आम्ही दोष न सापडताच परत आलो असतो.