पानं जोडायचे पानाला चारशे

आमच्या गाड्या नागपूर विमानतळावरून आणि स्टेशनवरून ताडोबा, पेंच, उमरेड-कऱ्हांडल्याला जातात. सफारीचं बुकिंग वनविभागाच्या साइटवर ज्याचं त्याने करायचं, आम्ही गाडी आणि मुक्कामाचं बघतो. पुण्या-मुंबईचं गिऱ्हाईक हल्ली फोन लावायच्या आधी वेबसाइट पाहतं. ताडोब्याचा कोअर झोन १ ऑक्टोबरला उघडतो, म्हणून पावसाळ्याच्या रिकाम्या दिवसांत साइट करायला दिली. धरमपेठेत ऑफिस, भिंतीवर मोठा स्क्रीन, बोलायला गोड माणूस. नाव लिहीत नाही, कारण तक्रार सुरू आहे. पण त्याने बिल कसं लावलं ते सांगतो, तसं बिल तुमच्याही टेबलावर येऊ शकतं.

डिझाइनचे १८,०००. सॉफ्टवेअर लायसन्सचे १५,०००. डोमेन म्हणजे साइटचं नाव आणि होस्टिंग म्हणजे साइट ठेवायची भाड्याची जागा, त्यांचे ६,०००. आणि शेवटची ओळ: ‘इंटरलिंकिंग’, पानाला ४००, पानं २२, म्हणजे ८,८००. एकूण ४७,८००. मी विचारलं, हे इंटरलिंकिंग काय? तो म्हणाला, “काका, पानं नुसती बनवून नाही चालत ना. एकमेकांना जोडावी लागतात, त्याचं सॉफ्टवेअर वेगळं येते.” ऐकायला पटण्यासारखं होतं. मोहर्ली गेटचं पान, कोलारा गेटचं पान, सिल्लारीचं पान, प्रत्येकावरून दराच्या पानावर जायचं बटण. जोडणी लागणारच.

डेमो त्याच्याच लॅपटॉपवर झाला आणि तिथे सगळी बटणं चालली. उरलेले पैसे त्याच दिवशी दिले. मग गिऱ्हाइकांचे फोन यायला लागले, की पहिलं पान दिसते, पुढचं काही उघडतच नाही. याला विचारलं की उत्तर ठरलेलं: “लिंकिंग करून राहिलो ना काका, सर्व्हर स्लो आहे.” काही दिवसांनी सर्व्हर ‘अपग्रेड’ करायचे वेगळे पैसे मागितले. ते मात्र मी दिले नाहीत.

माझा भाचा पॉलिटेक्निकला आहे. त्याने कॉम्प्युटरवर साइट उघडली आणि एका बटणावर माउस नुसता नेऊन ठेवला. खालच्या कोपऱ्यात पत्ता उमटला, त्यात आमच्या साइटचं नावच नव्हतं, ‘लोकलहोस्ट’ असं होतं. “मामा, ही लिंक ज्याच्या कॉम्प्युटरवरून दाबली, त्याच कॉम्प्युटरमध्ये पान शोधते.” साइट त्या माणसाने आधी स्वतःच्या लॅपटॉपवर बांधली, मग सर्व्हरवर चढवली, पण बटणांमधले आणि मेनूतले पत्ते जुनेच ठेवले. त्याच्या लॅपटॉपवर ती पानं होती, म्हणून डेमो चालला. गिऱ्हाइकाच्या मोबाइलमध्ये ती कुठून येणार? डेटाबेसमध्ये जुना पत्ता शोधून त्या जागी नवा टाकायचा, एवढंच काम. त्यासाठी मोफत प्लगइन, म्हणजे साइटला जोडायचे छोटे प्रोग्रॅम, मिळतात.

आणि ‘जोडायचं सॉफ्टवेअर’ असं वेगळं काही नसतंच. लिंक म्हणजे एचटीएमएलची, म्हणजे वेबपानं लिहायच्या भाषेची, एक ओळ: कोणत्या पानावर जायचं आणि बटणावर काय लिहायचं. टिम बर्नर्स-ली यांनी सर्न या युरोपातल्या संशोधन संस्थेत वेब तयार केलं तेव्हापासून लिंक हाच त्याचा पाया आहे, आणि सर्नने ३० एप्रिल १९९३ रोजी ते सगळ्यांसाठी फुकट खुलं केलं. धरमपेठेत मात्र त्याचा दर पानाला ४०० रुपये.

पंधरा हजारांचं लायसन्स कशाचं, तेही भाच्याने बघितलं. साइट वर्डप्रेस या साइट बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये होती. वर्डप्रेस २००३ पासून आहे, जीपीएल या खुल्या परवान्याखाली मोफत मिळतं, कोणीही उतरवून वापरावं. कोणी ते बसवून देण्याची मजुरी घेतली तर ती रास्त आहे, मला त्याबद्दल काही म्हणायचं नाही. लायसन्स म्हणून पैसे लावणं ही शुद्ध लबाडी. वरून थीम, म्हणजे साइटच्या दिसण्याचा तयार साचा, विकतची, पण चोरून उतरवलेली. कंट्रोल आणि यू दाबून पानाचा सोर्स उघडला, तर तळाशी परदेशी जुगाराच्या साइट्सच्या लिंका. पानावर दिसू नयेत अशा पडद्याबाहेर ढकललेल्या. आमची पानं आपसात जोडलेली नाहीत, पण जुगाराला व्यवस्थित जोडलेली! अशा चोरट्या थीममध्ये हा मालमसाला बऱ्याचदा असतो, आणि गूगलच्या नजरेत आला तर तुमची साइट शोधात मागे जाते.

आम्हाला लॉगिन मिळालं होतं ते ‘एडिटर’चं. त्यामुळे भाच्याला पानांच्या आतली बटणं नीट करता आली, पण वरचा मेनू, थीम, प्लगइन कशालाच हात लावता येईना. सगळ्या साइटची प्रत काढून घ्यायला ‘अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’चा अधिकार लागतो. काम घेताना हा एक शब्द विचारा. समोरचा “तुम्हाला काय गरज?” म्हणाला की समजा.

खरा फास मात्र डोमेनचा. आमच्या धंद्याचं नाव त्याने स्वतःच्या खात्यात घेतलेलं. दुसरीकडे न्यायचं तर ट्रान्सफर कोड लागतो, तो खातेदारालाच मिळतो, आणि कोडसाठी त्याने २५,००० मागितले. डॉट कॉमचं नाव वर्षाला साधारण हजाराच्या आसपास पडतं. मालक कोण, हे व्हूइजवर, म्हणजे डोमेनच्या जाहीर नोंदींत, बघायला गेलो तर नाव झाकलेलं. २०१८ पासून बहुतेक नोंदी अशाच दिसतात, तेव्हा त्यावर विसंबू नका. खातं तुमच्या ईमेलवर उघडलेलं, पैसे तुमच्या कार्डावरून गेलेले आणि डोमेन कंपनीची पावती तुमच्या इनबॉक्समध्ये आलेली, तरच नाव तुमचं. अगदी नवीन नोंदणीला पहिले ६० दिवस ट्रान्सफर होत नाही, हे त्याने सांगितलं ते मात्र खरं निघालं.

सॉफ्टवेअर कोणतं घ्यावं, असं मला आता ओळखीचे लोक विचारतात. पाच-सहा पानं असतील, दर वर्षाकाठी बदलत असतील, तर साधं एचटीएमएल पुरतं. ते लिहायला व्हीएस कोडसारखं मोफत सॉफ्टवेअर आहे, कॉलेजचं पोर बसून करून देतं. फक्त फाइलची नावं लहान अक्षरांत, मध्ये जागा न सोडता ठेवायला सांगा. विंडोजवर लहान-मोठं अक्षर चालून जातं, लिनक्स सर्व्हरवर त्याच लिंकला ४०४, म्हणजे ‘पान सापडलं नाही’, येतो. विक्ससारखं तयार बिल्डर सोपं आहे, पण तिथली साइट उचलून दुसऱ्या होस्टिंगवर नेता येत नाही, महिन्याचं भाडं चालूच. ड्रीमवीव्हर या साइट बनवायच्या सॉफ्टवेअरलाही वर्गणी लागते, आमच्यासारख्याला त्याची गरज नाही. दर आणि मुक्काम दर मोसमाला बदलतात म्हणून मी पुन्हा वर्डप्रेसच घेतलं. या खेपेला होस्टिंगचं खातं माझ्या नावावर, थीम वर्डप्रेसच्या अधिकृत यादीतली मोफत. लिंका तपासल्या त्या माझ्या मोबाइलवर, वायफाय बंद करून, एकेक बटण दाबून.

तक्रारीचं म्हणाल तर वकिलांनी ग्राहक आयोगाचा रस्ता दाखवला. धंद्यासाठी घेतलेल्या सेवेला २०१९ चा ग्राहक कायदा एरवी लागू होत नाही, पण स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वयंरोजगार करणाऱ्याला सूट आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला आयोगाची फी नाही, दोन वर्षांच्या आत जावं लागतं. त्याआधी विचारपूस करायला १९१५ हा ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे. आमच्याकडे बिल, व्हॉट्सअ‍ॅपवरची बोलणी आणि लोकलहोस्ट दिसणारे स्क्रीनशॉट आहेत. कोडसाठी पैसे मागितल्याचा मेसेज त्याने नंतर डिलीट केला, पण भाच्याने त्याआधीच फोटो काढून ठेवला होता.

जुनं नाव अजून त्याच्याच खात्यात आहे. आम्ही नवीन नाव घेतलं आणि गाड्यांच्या काचांवरचे स्टिकर बदलले. व्हिजिटिंग कार्डांचा एक गठ्ठा जुन्याच पत्त्याचा उरलाय, त्यावर ड्रायव्हर लोक टोलचा हिशेब लिहितात.