60 मीटरचा दोर, आता 54 : नऊ महिन्यांच्या वापरानंतर

मागच्या ऑक्टोबरात, चवथ आटोपून पाऊस उघडल्यावर, मी माझा स्वतःचा पहिला क्लाइंबिंगचा दोर घेतला. 9.8 मिमी जाडीचा, 60 मीटर लांब, सिंगल (एकटाच वापरायचा), डायनॅमिक (ताणला जाणारा). वजन पावणेचार किलोच्या आसपास, किंमत 14 हजारांच्या घरात. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण मला जे सांगायचंय ते या जाडीच्या कुठल्याही चांगल्या दोराला लागू आहे. या नऊ महिन्यांत कर्नाटकात बदामीच्या कड्यांवर पाच फेऱ्या झाल्या. हंपीलाही दोनदा गेलो, पण तिथे आम्ही बोल्डरिंग करतो, म्हणजे कमी उंचीच्या खडकांवर दोराशिवाय चढतो, तेव्हा दोर घरीच राहिला. घर गोव्यात मांद्र्याला, समुद्रापासून चालत दहा मिनिटांवर.

गोव्यातच का चढत नाही, असं बरेच जण विचारतात. ज्याने चिरेखण (जांभ्या दगडाची खाण) जवळून पाहिलीय त्याला उत्तर लगेच पटेल. चिरा खणताना मऊ असतो, हवा लागली की कडक होत जातो. म्हणजे बाहेरचा थर टणक आणि आत भुसभुशीत, भोकाभोकांचा. त्याच्यावर हाताचा होल्ड निखळतो, दोर अडकवायला खडकात ठोकतात तो बोल्ट भरवशाचा बसत नाही. शिवाय खारा वारा. समुद्रकाठच्या कड्यातला स्टेनलेस स्टीलचा बोल्ट वरून चकचकीत दिसत असला तरी आतून तडकलेला असू शकतो. थायलंडच्या क्राबी भागात टायटॅनियमचे बोल्ट बसवले गेले ते याच कारणाने. किनाऱ्यावर कुणी कधीतरी ठोकलेला बोल्ट दिसला, तर कृपा करून त्याला लटकू नका.

दोर घेताना एका ओळखीच्याने धबधब्यावर रॅपलिंगला (दोरावरून खाली उतरायला) वापरतात तो स्टॅटिक दोर स्वस्तात देऊ केला होता. घेतला नाही, आणि नव्याने शिकणाऱ्या कुणीही लीडसाठी, म्हणजे दोर खालून स्वतःबरोबर वर नेत चढण्यासाठी, तो घेऊ नये. स्टॅटिक दोर फारसा ताणला जात नाही. वरून पडलं की सगळा झटका कंबरेला आणि अँकरला (दोर ज्या बोल्टना अडकवलाय त्यांना) बसतो. डायनॅमिक दोर ताणून तो झटका पचवतो. सिंगल दोराच्या टोकाशी गोलात 1 छापलेला असतो, तो बघून घ्या. माझ्या दोराच्या कागदावर 7 फॉल्स लिहिलंय. सुरुवातीला मला वाटलं, सात वेळा पडलं की दोर बाद. तसं नाही. प्रयोगशाळेत 80 किलोचं वजन थोड्याशा दोरावर, कडेवरून, फार कठोरपणे पाडतात, त्याचा तो आकडा आहे. कड्यावरचं नेहमीचं पडणं त्यापेक्षा खूप सौम्य असतं.

बदामीची लाल वाळू मात्र दोराची खरी शत्रू. ती वरच्या वेष्टनातून आत शिरते आणि आतले धागे कापत राहते. आम्ही दोराखाली नेहमी ताडपत्री अंथरतो, दोरावर पाय देत नाही. घरी आल्यावर कोमट पाण्यात साध्या साबणाने धुऊन सावलीत वाळवायचा. पहिल्या वेळी आईने प्रेमाने न्हाणीतली मोठी बादली काढून दिली. मी वास घेतला, तर ब्लीचचा. ती बादली बाजूलाच ठेवली, कारण ब्लीच नायलॉन खातं आणि खाल्लेलं डोळ्यांना दिसत नाही. बॅटरीच्या ॲसिडचंही तेच, म्हणून दोर गाडीत बॅटरीजवळ ठेवत नाही. आता जूनमध्ये पंख्याखाली वाळायला चार दिवस लागतात. ओला तसाच पिशवीत कोंबू नका, आणि ओल्या दोरावर लीडही करू नका. भिजलेलं नायलॉन झटके कमी झेलतं.

फेब्रुवारीच्या फेरीत आमची चूक झाली. टॉप रोप, म्हणजे वरच्या अँकरमधून आधीच ओवलेला दोर, लावला होता आणि दोर वरच्या कडेला घासत होता. अँकर लांब स्लिंगने (पट्ट्याने) कडेच्या पुढे आणायला हवा होता, तो आणला नाही, आणि सहा जण त्याच दोरावर उतरले. परत आल्यावर पडवीत बसून मी दोर बोटांतून सरकवत तपासला. दर वीतभर अंतरावर वाकवून बघायचं. चांगला दोर वाकवला की गोल कमान होते. एका टोकापासून अडीच मीटरवर कमान झालीच नाही, दोर कागदासारखा दुमडला. वरचं वेष्टन जवळजवळ धड होतं, किंचित फुललेलं. आतला गाभा मात्र गेलेला. तिथे चिमटीत धरलं की दोन्ही बोटं एकमेकांना लागल्यासारखी वाटत. नुसत्या नजरेने तपासलं असतं तर ते सुटलंच असतं.

तीन मीटर कापायचं ठरलं. टेप गुंडाळली, सुरी तापवली. मग लक्षात आलं, एकाच बाजूने कापलं तर मधली खूण मध्ये राहणार नाही, आणि रॅपलला त्याच खुणेवर आपण दोन टोकं जमिनीला पोचलीत असं धरतो. म्हणून दुसऱ्या टोकाचेही चांगले तीन मीटर कापले. जिवावर आलं, पण खूण मध्येच राहिली.

तरी पुढच्याच फेरीत फसलो. दादा, म्हणजे माझा चुलतभाऊ, बिले देत होता, म्हणजे खालून माझा दोर सांभाळत होता. तो 28 मीटरचा रूट (चढायची वाट) बघून म्हणाला, "60 चा दोर आहे, आरामात होतंय." पिशवीवर 60 च लिहिलेलं, आणि मीही मान हलवली. दोर वर जाऊन परत खाली येतो, म्हणजे 56 मीटर हवे होते, आणि होते 54. मी वरून उतरत होते. जमिनीपासून पुरुषभर उंचीवर दोर थांबला. खाली दादाच्या बिले डिव्हाइसमध्ये (दोर ज्यातून सरकतो त्या साधनात) दोराच्या टोकाची गाठ येऊन अडकली होती. ती गाठ नसती, तर टोक डिव्हाइसमधून सुटलं असतं आणि मी खाली आले असते. दादा पायथ्याच्या खडकावर चढला, तेवढा दोर मिळाला, मी खाली पोचले. तो बराच वेळ काही बोलला नाही. त्या दिवसापासून दोराच्या दोन्ही टोकांना पांढरी टेप आहे, तिच्यावर 54. चढण्याआधी एकमेकांचं तपासताना आम्ही हार्नेसचं (कंबरेच्या पट्ट्याचं) बकल, फिगर एट (दोर हार्नेसला बांधायची गाठ), कॅरॅबिनरचं (धातूच्या कडीचं) लॉक आणि टोकाची गाठ, अशी चारही नावं मोठ्याने घेतो.

बाकीच्या सामानाबद्दल थोडक्यात. शूज फार घट्ट घेतले होते. दुखऱ्या बोटांनी पायावर विश्वास बसत नाही, मग सगळा भार हातांवर जातो. अर्धा नंबर मोठे घेतल्यावरच मी पायाने चढायला शिकले. स्क्रू गेट (फिरवून बंद होणारे) कॅरॅबिनर खाऱ्या हवेत दोन महिन्यांत जाम झाले. गोड्या पाण्याने धुऊन, वाळवून, बिजागरीला कोरडं वंगण लावलं की परत चालतात. हार्नेसबद्दल तक्रार नाही.

दोर पुन्हा घ्यायचा झाला तर हीच जाडी घेईन, पण 70 मीटर. सहाशे-साडेसहाशे ग्रॅम जास्त वाहावे लागतील, तरी कापायला जागा राहील.