६२५ घ्यावं की ७१८?
भाच्याचा प्रश्न: "मामा, एक्झॉस्टच्या बेलोजला इन्कोनेल ६२५ घेऊ की ७१८?"

दोन्ही निकेलचे मिश्रधातू; बेलोज म्हणजे नळीचा घडीदार, लवचीक तुकडा. ताकदीत ७१८ पुढे. एजिंगनंतर, म्हणजे भट्टीत ठरावीक तापमानाला ठेवून कडक केल्यावर, यील्ड (कायमचं वाकायला लागण्याआधी पेलतो तो ताण) साधारण १०३० मेगापास्कल. अनील केलेलं, म्हणजे तापवून मऊ केलेलं ६२५ सहसा त्याच्या निम्म्याच्या आसपास. पण ही मिजास ६५० अंश सेल्सिअसपर्यंतच. त्यापुढे ताकद देणारे निओबियमचे सूक्ष्म कणच जाड होतात, रूप बदलतात आणि धातू मऊ पडतो. ६२५ची ताकद निकेलात विरघळलेल्या मॉलिब्डेनम-निओबियमची; ९८० अंशांपर्यंत ते ऑक्सिडेशनला दाद देत नाही.

वेल्डिंगनंतर ६२५ला सहसा भट्टी नको. ७१८ला ७२० आणि ६२० अंशांवर आठ-आठ तास.

मशीनिंगमध्ये दोघंही टूल खातात.

टर्बाइनची डिस्क, ताणातला बोल्ट असेल तर ७१८. तुझ्या बेलोजला ६२५च.