एनआयओएस दहावी (मराठी माध्यम): वर्षाहून जास्त वापरल्यानंतर, आणि मुख्यतः टीएमएबद्दल, म्हणजे घरी लिहायच्या स्वाध्यायांबद्दल

एनआयओएस काय आहे, १७ नंबरचा फॉर्म काय आहे, हे शोधतच तुम्ही इथवर आला असणार, म्हणून सविस्तर लिहीत बसत नाही. एनआयओएस म्हणजे केंद्राची मुक्त शाळा आणि १७ नंबर म्हणजे राज्य मंडळाची दहावी बाहेरून देण्याचा फॉर्म, एवढंच सांगते. माझे चार विषय निघाले आहेत, गणित राहिलंय. खरं तर पाचही निघाल्यावर लिहायचं ठरवलं होतं. पण गेल्या महिन्यात माझ्या जाऊबाईंच्या प्रवेशावरून एका खासगी क्लासवाल्याशी जे भांडण झालं, त्यानंतर थांबवेना.

जाऊबाई नववीतून शाळा सोडलेल्या, माझ्यासारख्याच. त्यांनी पेठेतल्या एका क्लासमधून एनआयओएसचा फॉर्म भरला. क्लासचं नाव लिहीत नाही. पंचवीस हजार सांगितले, त्यातले पंधरा आधी घेतले. पुढे परीक्षा फीच्या वेळी ‘टीएमए चार्ज’ म्हणून आणखी चार हजार मागितले. मी विचारलं, टीएमए म्हणजे घरी लिहायचा स्वाध्याय, त्याचा चार्ज कसला? तो म्हणाला, “मॅडम, तो फक्त फॉर्मॅलिटीचा भाग आहे. आमची मुलं लिहितात, अपलोड पण करून देतात. ताईंनी फक्त पेपरला यायचं.” मग लॉगिन मागितलं तर कळलं की फॉर्मवर मोबाइल नंबर आणि ईमेल दोन्ही क्लासचेच टाकलेले. म्हणजे जाऊबाईंना स्वतःचं हॉलतिकीटसुद्धा त्याला विचारल्याशिवाय मिळणार नव्हतं. आम्ही दोघी संध्याकाळपर्यंत त्याच्या ऑफिसात बसून राहिलो, तेव्हा पासवर्ड मिळाला. पैसे अजून मिळालेले नाहीत.

मी कात्रजला डब्यांची मेस चालवते. पंचवीस हजार म्हणजे काय, ते मला डब्यांत मोजता येतं. माझा स्वतःचा आतापर्यंतचा सगळा खर्च, प्रवेश फी, विषयवार परीक्षा फी, झेरॉक्स आणि बसभाडं धरून, पाच हजारांच्या आत आहे. बायकांना प्रवेश फी पुरुषांपेक्षा कमी आहे, हेही त्या क्लासवाल्यानं जाऊबाईंना सांगितलं नव्हतं.

प्रवेशाचं थोडक्यात सांगते, कारण ते खरंच सोपं आहे. वय १४ पूर्ण हवं, वरची मर्यादा नाही. आठवीचा दाखला नसला तरी ‘मी दहावीचा अभ्यास करू शकते’ असं स्वतःचं लेखी निवेदन चालतं. जन्मतारखेचा पुरावा, फोटो, सही, आणि स्वतःचा मोबाइल नंबर. हा शेवटचा मुद्दा पाठ करून ठेवा. लग्न झालेल्या बायकांनी नावाकडेही बघावं. शाळेच्या जुन्या दाखल्यावर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, एकात आडनाव आधी तर दुसऱ्यात शेवटी, असं असलं तर पुढे प्रमाणपत्र कुठे दाखवायचं आहे त्याचा विचार करून आधी कागद एकसारखे करून घ्या. मी आधी राजपत्रातून नाव बदलून घेतलं आणि मगच फॉर्म भरला.

१७ नंबरचाही विचार केला होता. राज्य मंडळाचं प्रमाणपत्र सगळ्यांच्या ओळखीचं, हा त्याचा मोठा फायदा आहे. पण तिथे शाळा सोडल्याचा दाखला लागतो, आणि सगळे विषय एकाच परीक्षेला घेऊन बसावं लागतं. मेस बंद ठेवून ते मला जमणारं नव्हतं. रात्रशाळाही पाहिली. पुण्याला मोठ्या माणसांच्या शाळेची परंपरा जुनी आहे, जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८५५ मध्ये कामकऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली होती. पण माझे रात्रीचे डबे नेमके त्याच वेळी निघतात. एनआयओएसमध्ये नोंदणी पाच वर्षं चालते, त्या काळात परीक्षेच्या नऊ संधी मिळतात, आणि एका वेळी एक विषय दिला तरी चालतो. निघालेला विषय निघालेलाच राहतो. माझ्यासाठी निर्णय तिथेच झाला.

आता टीएमए. हे लिहिताना माझा हात आवरणार नाही, आधीच सांगते.

प्रत्येक विषयाचा एक टीएमए, वीस गुणांचा. सहा प्रश्न. पहिले तीन दोन-दोन गुणांचे, चाळीस ते साठ शब्दांत. मग दोन प्रश्न चार-चार गुणांचे, शंभर ते दीडशे शब्दांत. शेवटी सहा गुणांचा प्रकल्प. प्रत्येक ठिकाणी दोनातला एक निवडायचा. हातानं लिहायचं, स्कॅन करून आपल्या लॉगिनमधून चढवायचं. एप्रिलच्या परीक्षेला बसणाऱ्यांसाठी मुदत साधारण जानेवारीअखेर, ऑक्टोबरवाल्यांसाठी जुलैअखेर. विषयाच्या निकालात याचं वजन वीस टक्के.

सुरुवातीला मला हा सगळा प्रकार वेळखाऊ वाटत होता. वीस वर्षांत किराणा यादी आणि हिशेबाची वही सोडून काही लिहिलं नव्हतं. साठ शब्दांत उत्तर म्हणजे किती, याचा अंदाजच येईना. एकतर दोन ओळींत संपायचं, नाहीतर पानभर व्हायचं. हात दुखायचा. दुपारचे डबे गेल्यावर ओट्यापाशीच बसून लिहायचे आणि मनात म्हणायचे, परीक्षा तर वेगळी आहेच, मग हे कशाला?

मत बदललं ते धड्यांची विभागणी नीट पाहिल्यावर. प्रत्येक विषयाच्या पुस्तकातले साधारण ४० टक्के धडे फक्त टीएमएसाठी ठेवलेले आहेत आणि ६० टक्के लेखी परीक्षेसाठी. कोणता धडा कुठे, त्याची विषयवार यादी वेबसाइटवर आहे. म्हणजे टीएमएचे धडे पेपरात विचारतच नाहीत. त्या धड्यांशी आपली गाठ पडते ती फक्त या सहा प्रश्नांपुरती. आता हेच क्लासवाल्याच्या मुलांनी लिहून चढवलं तर? पुस्तकाचा जवळजवळ निम्मा भाग आपण उघडलासुद्धा नाही आणि पास झालो. पंचवीस हजार मोजून जाऊबाई तो भाग न शिकण्याचे पैसे देत होत्या. माझा संताप आहे तो यासाठी. चार हजार रुपये एक वेळ गेले तरी मिळवता येतील.

माझे दोन प्रकल्प सांगते. गृहविज्ञानात मी आहाराचा प्रकल्प निवडला. घरातल्या माणसांच्या जेवणातून काय मिळतं, काय कमी पडतं, याचा तक्ता. मी घराबरोबर मेसच्या पोरांचाही तक्ता केला, कारण शेवटी दोन्ही जेवणं एकाच पातेल्यातून निघतात. पालेभाजीतलं लोह अंगी लागायला सोबत क जीवनसत्त्व हवं, आणि जेवणावर लगेच चहा घेतला तर ते लोह कमी शोषलं जातं. मी इतकी वर्षं रोज चाळीस डबे करतेय आणि हे मला कुणी सांगितलं नव्हतं. त्या आठवड्यापासून पालक-मेथीच्या दिवशी डब्यात लिंबाची फोड जाते, आणि मोड आलेली मटकी आठवड्यातून दोनदा. एका मुलाच्या आईनं गावाकडून फोन करून विचारलं, लिंबू कशासाठी देता? मी तिला धडा सांगितला. तेवढा वेळ मी शिक्षिका होते, असं मला खरोखर वाटलं.

सामाजिक शास्त्रात परिसराशी जोडलेला प्रकल्प होता, मी पाणी घेतलं. खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर ही चार धरणं पुण्याला पाणी पुरवतात, हे पेपरात दर पावसाळ्यात वाचतो, पण कुठली नदी कुठे अडवली ते मला पहिल्यांदाच नकाशावर काढावं लागलं. पानशेत आंबी नदीवर, वरसगाव मोसीवर, टेमघर मुठेवर. सासूबाई पानशेत फुटलं तेव्हा नारायण पेठेत होत्या, लहान होत्या. १२ जुलै १९६१. त्यांना मी आजवर इतकं सविस्तर कधी विचारलं नव्हतं. पाणी कुठल्या जिन्यापर्यंत आलं, कुणाच्या घरी राहिल्या, परतल्यावर भिंतींना कसला वास होता, सगळं त्यांनी सांगितलं आणि मी लिहून घेतलं. आणि आपण राहतो त्या कात्रजच्या तलावातून नानासाहेब पेशव्यांच्या काळात भुयारी नळानं शनिवारवाड्यापर्यंत पाणी नेलं होतं, पेठांतले हौद त्यावर चालायचे, हेही त्यातच कळलं. तलावाजवळून मी रोज भाजी आणायला जाते.

प्रकल्पाला गुण सहाच आहेत. पण मला विचाराल तर सगळ्या दहावीत मला जे आलं ते या सहा गुणांच्या जागी आलं. बाकीचं पाठ केलं, पेपर दिला, बरंचसं विसरतेय.

लेखी परीक्षेबद्दल फार तक्रार नाही. पेपर दुपारी अडीच ते साडेपाच. दुपारचे डबे पाठवून मी सेंटरला पोचायचे, रात्रीची भाजी सकाळीच चिरून ठेवायची. विषय खूप असल्यामुळे वेळापत्रक महिन्याहून जास्त पसरतं, त्यामुळे दोन पेपरांत चांगली सवड मिळते. नोकरी किंवा धंदा सांभाळणाऱ्याला हे वेळापत्रक फार सोयीचं आहे. साधारण निम्मा पेपर वस्तुनिष्ठ प्रश्नांचा असतो. पासिंग ३३ टक्के. पुस्तकं पीडीएफमध्ये फुकट आहेत. सगळं पुस्तक छापून घेऊ नका, झेरॉक्सवाला श्रीमंत होतो. मी धडा मोबाइलवर वाचायचे आणि पाठातले प्रश्न वहीत सोडवायचे. उत्तरं धड्याच्या शेवटी दिलेलीच असतात, म्हणून शिकवायला कुणी नसलं तरी अडत नाही. अभ्यास केंद्रावर शिकवतात त्या संपर्क वर्गांना मी जमेल तशी गेले. गृहविज्ञानाच्या प्रात्यक्षिकाच्या तारखा मात्र अभ्यास केंद्राकडून वेळेत विचारून घ्या, त्या चुकवून चालत नाही.

गणिताबद्दलही माझं मत मधल्या मध्ये बदललं. इथे गणित सक्तीचं नाही. पाच विषय हवेत, त्यात किमान एक भाषा, जास्तीत जास्त दोन. पहिले काही महिने मी भेटेल त्या बाईला हेच सांगायचे की गणित सोडा, गृहविज्ञान, सामाजिक शास्त्र घ्या आणि मोकळ्या व्हा. केवळ सही-शिक्क्यापुरती दहावी हवी असेल तर आजही तेच सांगेन. पण आयटीआयच्या बऱ्याच ट्रेडना दहावीला गणित आणि विज्ञान लागतं. पुढे काय करायचं ते आधी ठरवा आणि मग विषय घ्या. मला स्वयंपाकाच्याच क्षेत्रातला सरकारमान्य कोर्स करायचाय, त्याला दहावी पुरते. तरी मी गणित ठेवलं, कारण गॅस, तेल, डाळीचे भाव चढले की डब्याचा दर किती टक्क्यांनी वाढवावा हे मला दर वेळी दुसऱ्याला विचारावं लागतं. मेसमधलाच एक इंजिनिअरिंगचा मुलगा रविवारी तासभर शिकवतो. त्याच्याकडून त्या महिन्याचे रविवारचे पैसे मी घेत नाही.

आणखी एक. रस्त्यावरच्या बोर्डांवर ‘दहावी-बारावी एकाच वर्षात’ असं लिहिलेलं असतं, त्यावर विश्वास ठेवू नका. एनआयओएसची बारावी पूर्ण व्हायला दहावीनंतर दोन वर्षांचं अंतर लागतं. असा बोर्ड लावणाऱ्याला एकतर नियम माहीत नाही, नाहीतर माहीत असून तो तुमच्याकडून पैसे घेतोय. दोन्ही परिस्थितींत त्याच्याकडे जाण्याचं कारण नाही. फॉर्म भरायला अडलं तर घरातल्या किंवा शेजारच्या कॉलेजच्या मुलाला बसवा, दीड-दोन तासांचं काम आहे.

जाऊबाईंचं सांगायचं तर, लॉगिन हातात आल्यावर आम्ही आधी पासवर्ड बदलला. त्यांचा एकही टीएमए अजून चढवलेला नव्हता, त्यामुळे सगळे त्या आता स्वतः लिहितायत. दुपारी माझ्याकडे येतात, मी गणिताचा लिहिते, त्या मराठीचा. साठ शब्द मोजताना त्या बोटं धरून मोजतात आणि जास्त झाले की माझ्यावर चिडतात. मी सांगते, कापा, पहिलं वाक्य बहुतेक वेळा नकोच असतं.

गुण द्यायचे तर पाचापैकी साडेचार. अर्धा गुण कापला तो टीएमएमुळेच. इतकी मोलाची गोष्ट दुसऱ्याकडून लिहून घेता येते आणि कुणाला पत्ता लागत नाही. तपासणाऱ्यानं फोनवर दोन प्रश्न विचारले तरी असे सगळे क्लास बंद पडतील.

माझा गणिताचा पेपर येत्या ऑक्टोबरच्या परीक्षेत आहे. प्रकल्प मेसच्या तीन महिन्यांच्या खर्चावर करतेय, स्तंभालेखासकट. निकाल लागला की गुण इथेच खाली टाकते.