दर आठवड्याला एक गाणं: यूट्यूबच्या शेअर्ड प्लेलिस्टचा रिव्ह्यू

मित्रमैत्रिणींच्या ग्रुपमध्ये दर आठवड्याला आवडलेली गाणी आणि व्हिडिओ एकमेकांना ऐकवायचे असतील तर कुठली सोय बरी, असं मला कोणी विचारलं तर मी डोळे झाकून यूट्यूबची कोलॅबरेटिव्ह प्लेलिस्ट, म्हणजे सगळ्यांना मिळून गाणी टाकता येतात अशी यादी, सांगेन. पण एक अट आहे, सोबत चॅट ग्रुप हवाच आणि गाणं टाकणाऱ्याने ते का टाकलं हे दोन ओळीत लिहायलाच हवं. नुसती लिंक टाकून गायब व्हायचं असेल तर कुठलंही ॲप घ्या, काही फरक पडत नाही.

आधी सेटिंग सांगते. प्लेलिस्ट बनवायची, ती ‘अनलिस्टेड’ ठेवायची म्हणजे लिंक असेल त्यालाच दिसते, सर्चमध्ये येत नाही, मग कोलॅबरेट चालू करून आमंत्रणाची लिंक ग्रुपवर टाकायची, झालं. सगळे आले की नवीन लोकांना घ्यायचा पर्याय बंद करून टाका, कारण ती लिंक पुढे कोणाकडे जाईल सांगता येत नाही. यातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे आपण टाकलेलं गाणं आपण काढू शकतो पण दुसऱ्याने टाकलेलं ग्रुपमधला दुसरा मेंबर काढू शकत नाही, प्लेलिस्टच्या मालकाच्या हातात अर्थात सगळं असतं. स्पॉटिफाय या गाण्यांच्या ॲपच्या कोलॅबरेटिव्ह प्लेलिस्टमध्ये कोणीही कोणाचंही गाणं हलवू किंवा उडवू शकतं. चार जणांत चालतं ते, ग्रुप मोठा असला की नाही.

स्पॉटिफायची बाजूही सांगते कारण बरेच जण तिकडेच आहेत. तिथे प्रत्येक गाण्यासमोर ते कोणी टाकलं ते दिसतं आणि हे फार महत्त्वाचं आहे, कारण अर्धी मजा ‘अरे हे हिने टाकलंय?’ यात असते. ब्लेंड पण आहे, त्यात 10 जणांपर्यंत सगळ्यांच्या ऐकण्यातून एक मिश्र यादी आपोआप तयार होते आणि रोज बदलते, बघायला गंमत वाटते. पण ब्लेंडमध्ये कोणी काही निवडत नाही ना! माझ्या मैत्रिणीने कामाच्या गडबडीत मागे लावून ठेवलेलं गाणं माझ्या यादीत आलं म्हणजे तिने मला काही ऐकवलं असं होत नाही. डिस्कव्हर वीकलीचं, म्हणजे स्पॉटिफाय आपल्या आवडीवरून आपोआप बनवतं त्या यादीचं पण तसंच, 2015 पासून दर सोमवारी 30 गाणी येतात, त्यातली काही खरंच अचूक लागतात, नवीन कलाकार शोधायला मी पण वापरते, तरी त्या 30 पैकी एखाद्या गाण्याबद्दल मी कोणाशी बोलत बसलेय असं क्वचितच होतं. ग्रुपमधल्या एकाने ‘हे ऐक, शेवटच्या कडव्यात सूर कसा सोडलाय बघ’ म्हटलं की मी ते गाणं थांबून, मोबाईल बाजूला ठेवून ऐकते. तीस गाण्यांपेक्षा हे एक मला जास्त देऊन जातं, आणि म्हणूनच आमच्या ग्रुपचा नियम आहे, माणशी आठवड्याला एकच. दोन टाकायची मुभा दिली की कोणी मनापासून निवडत नाही, आणि बाकीचे सगळं ऐकत पण नाहीत.

आता यूट्यूबच का? कारण व्हिडिओ. म्युझिक व्हिडिओ म्हणजे गाण्याला चिकटवलेली जाहिरात असं बऱ्याच जणांना वाटतं, 1 ऑगस्ट 1981 ला एमटीव्ही सुरू झाला तेव्हापासून त्यातलं बरंच काही तसं होतंही, पण चांगल्या दिग्दर्शकाच्या हाती गाणं गेलं की ते ऐकायलाच वेगळं लागतं, कट कुठे मारलाय त्यावरून ताल कळतो. आणि त्याहून मोठा खजिना लाइव्हचा. स्टुडिओत गायलेलं गाणं आणि तेच गाणं त्याच गायिकेने कितीतरी वर्षांनी खालच्या पट्टीत, संथ लयीत गायलेलं, ही दोन वेगळी गाणी असतात हो! एनपीआर या अमेरिकेतल्या रेडिओची टायनी डेस्क मालिका बघा, 2008 पासून चालू आहे, ऑफिसमधल्या टेबलामागे, पुस्तकांच्या कपाटांसमोर कलाकार गातात, आणि तिथे गाणाऱ्याचा आवाज स्पीकरवर मोठा केलेला नसतो, म्हणून ड्रमवाल्याला हात आवरून वाजवावं लागतं आणि आवाज जसा आहे तसा ऐकू येतो. आमच्या ग्रुपमध्ये ज्यांना पॉप अजिबात चालत नाही त्यांनी सुद्धा तिथलं पॉप आवडीने ऐकलंय. जुन्या मैफिलींची, टीव्हीवरच्या कार्यक्रमांची रेकॉर्डिंग्ज, लोकांनी घरच्या कॅसेटवरून चढवलेली, ती पण इथेच सापडतात, नुसत्या ऑडिओच्या ॲपवर त्यातलं बरंच नसतंच.

मला खूप उपयोगी पडलेली एक छोटी सोय म्हणजे कॉम्प्युटरवर शेअर दाबलं की ‘स्टार्ट ॲट’ची चौकट येते, त्यात वेळ घातली की लिंक थेट त्या सेकंदाला उघडते. सव्वातीन मिनिटांनी सारंगी येते ती ऐका, असं सांगायचं असेल तर हे सोन्यासारखं. फक्त ती वेळ लिंकपुरती, प्लेलिस्टमध्ये व्हिडिओ पहिल्यापासूनच वाजतो, म्हणून वेळेची लिंक चॅटवर टाकायची आणि गाणं प्लेलिस्टमध्ये.

उणं काय ते पण सांगते. गाण्याशेजारी का टाकलं ते लिहायला जागा नाही, म्हणून तर चॅटची अट. पैसे न भरता वापरलं तर जाहिराती येतात आणि फोनची स्क्रीन बंद केली की बहुतेक वेळा गाणं थांबतं, त्यामुळे चालताना ऐकणाऱ्यांना त्रास होतो, पण आम्ही बसूनच बघतो म्हणून चालून जातं. आवाजाचं पण आहे, नवीन खणखणीत मिक्सिंगच्या गाण्यापाठोपाठ जुनं बारीक आवाजाचं रेकॉर्डिंग लागलं की हात आपोआप व्हॉल्यूमकडे जातो, जुनी गाणी टाकणाऱ्यांनी तेवढं आधी सांगून ठेवावं, नाहीतर लोक आवाज कमी म्हणून पुढे ढकलतात आणि चांगलं गाणं वाया जातं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, चढवणाऱ्याने व्हिडिओ काढून टाकला किंवा प्रायव्हेट केला की तो यादीतून दिसेनासा होतो, कुठलं गाणं होतं ते सुद्धा कळत नाही. लोकांनी घरून चढवलेल्या दुर्मिळ रेकॉर्डिंगच्या बाबतीत तर हे होणारच. म्हणून गाणं, गाणारे, साथीला कोण आणि कोणी सुचवलं एवढं एका साध्या शीटमध्ये लिहून ठेवा. आमच्यात ज्याची पाळी असेल तो त्या आठवड्याचं भरतो, मग लिंक गेली तरी नाव हाताशी असतं आणि दुसरी प्रत शोधता येते.